हनोई की सायगॉन? व्हिएतनामला पहिल्यांदा जाताय तर आधी कुठे उतरायचं

मुंबईहून दोन्हीकडे डायरेक्ट फ्लाइट आहेत त्यामुळे हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक जण जिथलं तिकीट स्वस्त तिथे उतरतात. मला विचाराल तर थंडीत हनोई, आणि आईबाबा सोबत असतील तर सायगॉन. (कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी, पण तिथले लोक बोलताना सायगॉनच म्हणतात.)

पहिला धक्का दोन्हीकडे एकच, स्कूटर. आपल्याला वाटतं पुण्यात इतकी वर्षं काढली, आपल्याला काय होणार, पण आपण रस्ता ओलांडताना थांबतो, पळतो, हात दाखवतो, तिथे यातलं काहीच करायचं नाही, एका स्पीडने सरळ चालत राहायचं, ते लोक तुमच्या चालीचा अंदाज घेऊन आजूबाजूने काढतात. मधेच दचकून पाऊल मागे घेतलंत की गडबड. बस आणि कारवाले मात्र असा वळसा घालत नाहीत, त्यांना आधी जाऊ द्यायचं. हनोईच्या जुन्या भागात गल्ल्या अरुंद म्हणून निदान वेग तरी कमी असतो, सायगॉनला रस्ते मोठे आणि गर्दीच्या वेळी स्कूटरी खुशाल फुटपाथवर चढतात.

तरी हनोई का? कारण हे शहर चालत बघता येतं. होआन किएम तळ्याच्या वरच्या अंगाला जुन्या बाजारपेठा, 36 गल्ल्या म्हणतात, एकेका गल्लीत एकेक धंदा. हांग बाकला चांदी, हांग मा ला कागदी सजावट, आणि हांग थिएकमध्ये शिरलात की पत्रा ठोकायचा आवाज, अगदी आपल्या तांबट आळीसारखं. फुटपाथ नावालाच, त्यावर पार्क केलेल्या गाड्या नाहीतर प्लास्टिकची बुटकी स्टुलं, गुडघे छातीशी घेऊन बसायचं आणि खायचं, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करा बरं का. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत तळ्याभोवती गाड्या बंद असतात, म्हणून वीकेंड हनोईतच येईल असं बघा. अंड्याची कॉफी मात्र प्याच, 1946 मध्ये दुधाची टंचाई होती तेव्हा अंड्याचा बलक फेटून घालायला लागले, वास येईल वाटतं पण चवीला चक्क कस्टर्ड. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर न्या, पारा 15 च्या खाली पण जातो.

सायगॉनला थंडी हा प्रकारच नाही, बारा महिने घाम आणि साधारण मे ते नोव्हेंबर पाऊस. पण पोचल्या पोचल्या त्रास कमी. तान सोन न्हात एअरपोर्ट शहरातच आहे, हनोईचा नोई बाय पार 25-30 किलोमीटर बाहेर. शहराच्या मधल्या भागात (लोक अजून डिस्ट्रिक्ट 1 म्हणतात) राहिलात तर जुनं पोस्ट ऑफिस आणि 30 एप्रिल 1975 ला, व्हिएतनाम युद्ध संपलं त्या दिवशी, उत्तरेच्या सैन्याचे रणगाडे गेट तोडून घुसले तो राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा जवळजवळ आहेत. वॉर म्युझियम पण लांब नाही, पण तिथले एजंट ऑरेंजचे (युद्धात अमेरिकेने फवारलेलं विषारी रसायन) फोटो लहान मुलांना दाखवण्यासारखे नाहीत. डिसेंबर 2024 पासून मेट्रोही आहे. बुई व्हिएन या पबवाल्या रस्त्यावर रात्रभर धिंगाणा चालतो, झोप प्यारी असेल तर हॉटेल तिथून लांब घ्या. आणि व्हिएतनाममध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा आहे असा जो व्हॉट्सअॅप फॉरवर्ड फिरतो ना, तसला पुतळा मला तरी कुठे दिसला नाही.

शाकाहारी मंडळींनी दोन्हीकडे 'चाय' (Chay, म्हणजे शाकाहारी) लिहिलेली पाटी शोधायची, ती बौद्ध शाकाहारी हॉटेलं. बाकी ठिकाणी भाजीत पण फिश सॉस असू शकतो.

पैशाचं एक सांगतो, 20 हजार डाँगची नोट निळी आणि 5 लाखाची पण निळीच, एक साधारण 65-70 रुपयांची आणि दुसरी दीड हजाराच्या वरची. रात्री टॅक्सीत अंधारात नोटा काढल्या की घोटाळा होतोच, मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

दोन्ही शहरं करायची असतील तर जाऊन येऊन तिकीट एकाच शहराचं काढू नका. हनोईला उतरा, 'हा लाँग बे' (समुद्रात उभ्या डोंगरांची खाडी) वगैरे उरका, मग खाली सायगॉनला या आणि तिथूनच मुंबई. मधला प्रवास विमानाने दोनेक तास, ट्रेनने 1,726 किलोमीटर आणि तीस तासांच्या वर, हौस असेल तरच. फक्त ई-व्हिसाच्या फॉर्मवर कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार ते विचारतात, तिथे बाहेर पडायला तान सोन न्हात टाका.