कोकणच्या पावसाळ्यात तपासलेली कपाटे : प्लाय, फणस, सागाचा व्हिनियर आणि पॉलिश

रत्नागिरीतल्या आमच्या घराचे स्वयंपाकघर, झोपण्याच्या खोलीतले भिंतभर कपाट आणि बैठकीतले काचेचे कपाट आम्ही तयार न घेता सुताराकडून जागेवरच करून घेतले. या कामावरून आता एक उन्हाळा, एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा गेला आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात लाकडाची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये होते, त्यामुळे त्याआधी लिहिलेल्या अभिप्रायाला फारसा अर्थ नव्हता. वापरानंतर माझे ठाम मत झाले आहे की दमट हवेत कपाटाचे आयुष्य दर्शनी लाकडाच्या जातीपेक्षा न दिसणाऱ्या बाजू कशा बंद केल्या आहेत यावर अधिक ठरते.

स्वयंपाकघरासाठी आम्ही १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा), म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा प्लाय घेतला. या मानकात चिकटवणीची कसोटी म्हणून नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. त्याखालच्या, बाजारात ‘कमर्शियल’ किंवा एमआर (फक्त ओलाव्याला तोंड देणारा) नावाने मिळणाऱ्या प्लायला ही कसोटी नसते. आयएस ७१० प्लायलाच ‘मरीन’ म्हणतात, पण दुकानात हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. त्यामुळे फळीवरचा आयएसआयचा शिक्का आणि त्याखालचा मानकाचा क्रमांक स्वतः वाचून घ्यावा. प्लाय विकत घेण्याआधी त्याचा एक तुकडा आमच्या सुताराने मोठ्या पातेल्यात दुपारभर उकळून पाहिला. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण हलका माल असेल तर थर तेवढ्यातही सुटू लागतात. आमच्या तुकड्याचे थर सुटले नाहीत.

ओट्याखाली, सिंकच्या खणात, आम्ही प्लाय वापरलाच नाही. तिथे जुन्या पद्धतीप्रमाणे कडप्प्याच्या उभ्या फरश्या ठेवून फक्त दारे प्लायची केली. हा निर्णय सर्वांत चांगला ठरला, कारण गळती सिंकखालीच होते आणि कडप्पा फुगत नाही. बाहेरून एक मिलिमीटरचा मॅट, म्हणजे चमक नसलेला, लॅमिनेटचा पत्रा चिकटवलेला आहे. त्यावर हळद, तेल आणि ओल्या हाताचे डाग बसले तरी ओल्या फडक्याने निघतात. गडद रंगाच्या मॅट पृष्ठभागावर बोटांचे तेलकट ठसे उठून दिसतात, म्हणून हँडलजवळची दारे रोज पुसावी लागतात. फिकट करडा रंग घेतला असता तर हे काम कमी झाले असते.

लॅमिनेटबद्दल जेवढे बोलले जाते तेवढे कडांबद्दल बोलले जात नाही. पाणी मधल्या पृष्ठभागातून क्वचितच शिरते. ते कडेतून, बिजागरीच्या भोकातून आणि स्क्रूच्या छिद्रातून शिरते. आमच्या दारांच्या चारही कडांवर दोन मिलिमीटरची पीव्हीसी पट्टी आहे आणि बिजागरीच्या ३५ मिलिमीटरच्या खळग्यांना आतून पॉलिशचा हात मारून घेतला आहे. पावसाळ्यानंतर यांपैकी एकही दार फुगलेले नाही. याउलट अभ्यासाच्या टेबलाखालचा एक खण दुकानातून तयार आणला होता. त्याची दारे एमडीएफची, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीची, वर मेम्ब्रेन फॉइल हा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा लावलेली आहेत. खिडकीतून शिंतोडे येणाऱ्या बाजूला त्याची खालची कड बोटाने जाणवेल इतकी जाड झाली आहे आणि कोपऱ्यावरचे फॉइल सुटू लागले आहे. एमडीएफ सर्वत्र वाईट असतो असे मी म्हणणार नाही. त्यावर रंग फार गुळगुळीत बसतो आणि कोरड्या गावात तो उत्तम चालतो. कोकणात, तेही खिडकीखाली, त्याला जागा नाही.

झोपण्याच्या खोलीतल्या कपाटावर सागाचा व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पत्रा, आणि त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश आहे. व्हिनियर निवडताना एकाच ओंडक्यातून सलग निघालेले पत्रे घ्यावेत, नाहीतर शेजारच्या दोन दारांवरची रेघ जुळत नाही. आम्ही सरळ रेघेचा घेतला. डोंगरासारखी वळणे असलेला व्हिनियर एका पत्र्यावर सुंदर दिसतो, पण सहा दारांवर मिळून डोळ्यांना दमवतो. पीयू की मेलामाइन हे दुसरे पॉलिश, याबद्दल मला शंका नाही; मी पीयूच घेईन. मेलामाइन स्वस्त आहे, पण लावल्यानंतर त्याचा डोळ्यांना झोंबणारा वास बराच काळ खोलीत राहतो आणि वर्षे गेली की तो पिवळट होतो. पीयू महाग पडते, मात्र त्याचा थर चिवट असतो आणि मॅट घेतल्यास लाकूड प्लास्टिकसारखे दिसत नाही. कोणतेही पॉलिश मेअखेरपर्यंत उरकून घ्यावे. हवेत ओल असताना मारलेल्या थरावर दुधट छटा येते आणि मग तो घासून पुन्हा मारण्याशिवाय उपाय उरत नाही.

या कपाटात एक उणीव राहिली आहे. दारे सात फुटांहून उंच आहेत आणि त्यांना बाहेरून व्हिनियर-पॉलिश, तर आतून लायनर, म्हणजे लॅमिनेटचाच पातळ पत्रा, आहे. दोन्ही बाजूंचे आवरण सारखे नसल्याने ओल शोषण्याचा वेग वेगळा राहतो आणि फळी एका बाजूला ओढली जाते. ऑगस्टमध्ये एका दाराला वरच्या कोपऱ्यात थोडा बाक आला. बिजागरीचे स्क्रू फिरवून तो बराचसा लपला, पण पूर्ण गेलेला नाही. इतक्या उंच दारांना दोन्हीकडे समतोल आवरण द्यावे किंवा आतून सरळ ठेवणारी धातूची पट्टी बसवून घ्यावी.

बैठकीतले कपाट मात्र भरीव फणसाचे आहे, आणि मला सर्वांत अधिक समाधान त्यानेच दिले. साग घ्यावा असे अनेकांनी सुचवले होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यातला साग उत्तमच असतो, पण स्वस्तात मिळणाऱ्या सागात बाहेरच्या फिकट लाकडाचा भाग बराच येतो, आणि कीड व वाळवी यांना तोंड देण्याची सागाची ख्याती गाभ्यापुरतीच खरी आहे. गावातच उपलब्ध असलेले, नीट वाळवलेले फणसाचे गाभ्याचे लाकूड मला त्यापेक्षा पटले. ताजे असताना ते पिवळेधमक दिसते आणि उजेडात हळूहळू तपकिरी होत जाते. काचेच्या दारामागे पहिल्या दिवसापासून एकाच जागी ठेवलेला मोठा पितळी डबा परवा हलवला, तेव्हा त्याच्यामागे पिवळी चौकट स्पष्ट दिसली.

भरीव लाकूड रुंदीत वाढते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून खालच्या दारांची मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी सोडली आहे, चिकटवलेली नाही. पावसाळ्यात ती फुगली तरी दार अडकले नाही. उन्हाळ्यात आकसल्यावर मात्र फळीच्या कडेला पॉलिश न लागलेली पिवळी रेघ उघडी पडली, कारण पॉलिश दार जोडून झाल्यावर केले होते. फळी खाचेत बसवण्याआधीच तिला पॉलिश करायला सुताराला सांगावे; काम थोडे वाढते, एवढेच.

पश्चिमेच्या भिंतीपासून सर्व कपाटे दीड-दोन इंच पुढे घेतली आहेत आणि त्यांच्या पाठीच्या फळीला मागच्या बाजूनेही सीलर लावला आहे. तरीही जुलैमध्ये आतल्या चामड्याच्या पट्ट्यांवर आणि पिशव्यांवर बुरशी आलीच; कोणत्याही लाकडाने किंवा पॉलिशने ती थांबत नाही, त्यासाठी दारांना हवा खेळायला जाळी लागते. कपाटांच्या तळाशी, जमिनीलगतची पट्टी आम्ही पक्की ठोकली नाही, ती काढता येते. वाळवी मातीच्या नळ्या करत भिंतीकडून येते आणि त्या वेळीच दिसल्या तर खर्च वाचतो. गणपतीच्या आधी पट्टी काढून पाहिली तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अशी एक नळी निघाली. ती खरवडून औषध फवारून घेतले आहे, आणि आता दिवाळीनंतर पुन्हा पट्टी काढायची आहे.