गावठाणातील घर, ले-आउटमधील प्लॉट की सोसायटीतील फ्लॅट: रहिवाशांच्या नियमांची आणि जबाबदाऱ्यांची तुलना

शेती गावात, मुलांची शाळा तालुक्याला आणि घरातील वृद्धांचा दवाखानाही तालुक्यालाच, अशा ओढाताणीत सापडलेली कुटुंबे विदर्भातील कोणत्याही गावात भेटतात. दुसरे घर घ्यायचे ठरले की प्लॉटचा दर, रस्त्याची रुंदी आणि बसस्टँडपासूनचे अंतर यांची बारकाईने चौकशी होते. तेथे राहायला गेल्यावर कोणते नियम लागू होतील, कोणते देणे कायमचे मागे लागेल आणि तक्रार झाली तर ती कोणी ऐकायची, हे प्रश्न मात्र खरेदीखत झाल्यावर सुचतात. दर एकदाच मोजावा लागतो, नियम मात्र रोज पाळावे लागतात. म्हणून पुढील तुलना शेतीवर पोट असलेल्या आणि तालुक्याच्या गावी घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला समोर ठेवून केली आहे.

गावठाणातील घर, ले-आउटमधील प्लॉट आणि सोसायटीतील फ्लॅट या तिन्ही ठिकाणांचा कायदेशीर पाया वेगळा आहे. गावठाणातील घरावर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चा अंमल असतो. तेथील रहिवासी हा गावाचा मतदार म्हणून ग्रामसभेचा सदस्य असतो आणि त्यासाठी त्याला कोठेही प्रवेश शुल्क भरावे लागत नाही. सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले असून दैनंदिन कारभार उपविधींनुसार, म्हणजे संस्थेच्या नियमावलीनुसार चालतो. काही इमारती सोसायटीऐवजी महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली असतात. तेथे फ्लॅटची मालकी थेट मालकाकडे असते आणि जिना, गच्ची, अंगण यांत त्याचा ठरावीक टक्क्यांचा अविभक्त हिस्सा असतो. ले-आउट म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडून केलेली वसाहत. तेथील प्लॉट गावठाण आणि सोसायटी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो आणि सर्वाधिक गोंधळ तेथेच होतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

घराचा वापर

शेतकऱ्याचे घर केवळ राहण्यासाठी नसते. भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवला जातो, तूर आणि सोयाबीन अंगणात वाळते, कोठ्यात बैल आणि एखादी गाय असते आणि कुटाराचा ढीग भिंतीला लागून असतो. गावठाणात यांतील कशालाही सहसा कोणी हरकत घेत नाही. शेणाची विल्हेवाट आणि सांडपाणी यांबाबत पंचायत सांगू शकते व सांगतेही, पण बैल बांधू नका असे कोणी म्हणत नाही. पूर्व विदर्भात तर गावकऱ्यांचे चराईचे आणि सरपणाचे हक्क निस्तार पत्रकात नोंदण्याची जुनी पद्धत आहे आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेनेही ती कायम ठेवली आहे. गावात राहणे म्हणजे या सामायिक हक्कांत सहभागी असणे होय.

सोसायटीत हे सारे चित्र बदलते. आदर्श उपविधींप्रमाणे परवानगीवाचून ज्वालाग्राही किंवा शेजाऱ्यांना उपद्रवकारक माल साठवता येत नाही, आणि ज्याने सरकीसकट कापसाच्या गंजीला लागलेली आग पाहिली आहे त्याला हा नियम जाचक वाटणार नाही. चार क्विंटल कापूस तिसऱ्या मजल्यावरील खोलीत भरणे हे स्वतःच्याच नव्हे तर खालच्या-वरच्या सर्व बिऱ्हाडांच्या जिवाशी खेळणे आहे. गच्ची ही सर्वांची असल्याने तेथे कुरडया-पापड वाळवता येतील की नाही हेही संस्थेच्या ठरावावर अवलंबून राहते. भिंत पाडणे, बाल्कनी बंद करणे किंवा उन्हाळ्यात कुलरसाठी खिडकीबाहेर लोखंडी स्टँड ठोकणे यांसारख्या बदलांना आधी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कुलरशिवाय दिवस काढणे कठीण होते. म्हणून कुलरची जागा आणि त्याला लागणारे पाणी यांविषयी घर घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

पैसा आणि थकबाकी

शेतकऱ्याचा पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. तो कापसाच्या वेचणीनंतर, दिवाळीपासून पुढे, एकगठ्ठा येतो. घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कर यांची आकारणी वार्षिक असल्याने गावातील देणे या चक्रात बसते. थकले तर आधी मागणीचे बिल, नंतर नोटीस आणि अखेर जप्ती असा क्रम कायद्यात आहे. ज्याला पंचायतीची निवडणूक लढवायची आहे त्याला तर थकबाकी अपात्र ठरवू शकते.

सोसायटीतील मेन्टेनन्स बहुधा दरमहा किंवा दर तिमाहीला द्यावा लागतो. थकबाकीवर उपविधींप्रमाणे दरसाल कमाल २१ टक्के सरळ व्याज लावता येते, म्हणजे ६,००० रुपये वर्षभर थकले तर त्यावर १,२६० रुपयांपर्यंत व्याज चढते. सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळवून संस्था ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकते. घराला सहा महिने कुलूप होते, आम्ही पेरणीसाठी गावी गेलो होतो, हे कारण येथे चालत नाही. घर भाड्याने दिल्यास सेवा शुल्काच्या कमाल १० टक्के बिनभोगवटा शुल्क वेगळे लागते. याशिवाय बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का निक्षेप निधीत (सिंकिंग फंडात) आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा करावा लागतो. बांधकाम खर्च १० लाख रुपये धरला तर हे दोन निधी मिळूनच वर्षाला १०,००० रुपये होतात. अशा कुटुंबाने कापूस विकल्यावर वर्षभराचे शुल्क आगाऊ भरून पावती घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सोसायटीत सेवा शुल्क सर्व सदनिकांना सारखे असते आणि पाण्याचा आकार नळजोडण्यांच्या संख्येवर व आकारावर ठरतो. १९७० च्या कायद्याखालील अपार्टमेंटमध्ये सामायिक खर्च हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो, त्यामुळे मोठा फ्लॅट घेणाऱ्याने हा फरक आधीच हिशोबात धरावा.

निर्णय कोण घेते

हा मुद्दा मला पैशाइतकाच महत्त्वाचा वाटतो. ग्रामसभेत घरातील प्रत्येक मतदार सदस्य असतो आणि नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. सोसायटीत मत सदनिकेमागे एकच असते. ते भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) ज्याचे नाव पहिले आहे त्याने द्यायचे आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याने. म्हणजे गावात ज्या घरातून सासू, सून आणि मुलगा असे तिघे बोलू शकत होते, त्या घराचा सोसायटीतील आवाज एकावर येतो. तो कोणाचा असावा हे खरेदीखत करतानाच ठरते, आणि पाणी, कचरा व जिन्याची झाडझूड यांचा भार ज्या बाईवर पडणार आहे तिचे नाव त्या कागदावर असणे मला न्याय्य वाटते.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि तिची सूचना १४ दिवस आधी मिळायला हवी. तेथे बहुमताने झालेला ठराव विरोधात मत देणाऱ्यालाही बांधतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची जी रीत पाडली, ती लहान सोसायटीनेही पाण्यासारख्या प्रश्नावर अवलंबावी असे मला मनापासून वाटते. कायदा मात्र बहुमतच मानतो. वाद मिटला नाही तर सोसायटीच्या सदस्याला निबंधक आणि सहकार न्यायालय ही ठरलेली दारे आहेत.

ले-आउटचा प्रश्न

नोंदणीकृत संस्था नसलेल्या ले-आउटमध्ये यांतील कोणतेच दार नसते. मी स्वतः वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावालगत अशा ले-आउटमध्ये राहिलो आहे. तेथे रहिवाशांची समिती होती, वहीत वर्गणी लिहिली जात होती आणि सर्वांचा एकमेकांवर विश्वासही होता. एका उन्हाळ्यात सामायिक बोअरची मोटर जळली, तेव्हा निम्म्या घरांनी वर्गणी द्यायचे नाकारले आणि त्यांना भाग पाडण्याचा कोणताही मार्ग समितीकडे नव्हता. पंचायतीचे म्हणणे असे की रस्ते आणि मोकळी जागा आमच्याकडे हस्तांतरितच झालेली नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या आणि आम्ही बारा दिवस टँकरचे पाणी भरले. जबाबदारी सर्वांची आणि अधिकार कोणाचाच नाही, ही अवस्था गावठाणाहूनही आणि कडक सोसायटीहूनही वाईट असते. म्हणून ले-आउटमध्ये प्लॉट घेताना अकृषक (एन.ए.) परवानगीचा आदेश आणि मंजूर नकाशा पाहावा, रस्ते व ओपन स्पेस कोणाच्या ताब्यात आहेत याचा लेखी पुरावा मागावा आणि प्लॉटधारकांची संस्था नोंदलेली नसेल तर ती नोंदण्याची इतरांची तयारी आहे का हे प्रत्यक्ष दारोदार जाऊन विचारावे. ले-आउटची एकूण जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक असल्यास प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का हेही तपासावे.

कोणी काय निवडावे

ज्यांच्या घरी अजून बैल आहेत आणि ज्यांचा कापूस घरातच साठतो, त्यांनी गावठाणातील घर सोडू नये. मुलांच्या शिक्षणाची चार-पाच वर्षे तालुक्याला भाड्याने राहणे त्यांना अधिक सोयीचे पडेल. शेती बटईने दिलेली असेल आणि घरी दवाखान्याची नित्य गरज असलेली वृद्ध माणसे असतील, तर नियम कडक असले तरी नोंदणीकृत सोसायटीतील तळमजल्याचा फ्लॅट मी पसंत करीन. प्लॉट घेऊन बांधायचेच असेल तर संस्था नोंदलेल्या ले-आउटमध्येच, मग दर थोडा जास्त पडला तरी चालेल. फ्लॅट जुना असल्यास संस्थेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. हस्तांतरणावर संस्था अधिमूल्य (प्रीमियम) मागू शकते, पण शासनाने २००१ मध्ये त्यावर मर्यादा घातली असून ग्रामपंचायत क्षेत्रासाठी ती ५,००० रुपये आहे.

तालुक्याला राहायला गेल्यावरही गावातील घराची घरपट्टी दरवर्षी भरावी आणि नमुना ८ मधील (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदीतील) तसेच आखीव पत्रिकेवरील (प्रॉपर्टी कार्डावरील) नाव बरोबर आहे की नाही ते पाहून घ्यावे.