अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधणारी साधने : आठ महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव तीन साधनांचा आहे : फोनवरचं एक फुकट ॲप, वनलुक ही वेबसाइट आणि कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली साधी शब्दयादी. वापर जवळजवळ रोजचा. स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द बनवायचा खेळ), वर्डल (पाच अक्षरी शब्द ओळखायचा खेळ) आणि शब्दकोडी. वेग तिघांचाही उत्तम, त्यात तुलना करण्यासारखं काही नाही. फरक पडतो तो मागे कोणती यादी आणि कोणता शब्दकोश बसवलाय याने, आणि ॲप नेमकं तेच सांगत नाही.

आधी ॲपमध्ये अक्षरं भरायच्या खोक्याकडे बघा. त्यावर नुसतं 'कंटेन्स' (म्हणजे 'यात आहे') लिहिलेलं असतं, पण आय, एन, जी ही अक्षरं दिल्यावर त्याचे तीन अर्थ होतात. अक्षरं सलग हवीत तर 'सिंगर', 'मॉर्निंग'. कुठेही, कोणत्याही क्रमाने चालत असतील तर 'जायंट', 'साइन' आणि 'नाइट'सुद्धा, म्हणजे रात्रही आणि सरदारही. फक्त याच अक्षरांतून शब्द बनवायचा असेल तर 'जिन', 'इन' असे मोजकेच. ॲप यातलं काय करतंय हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे : दोन झेड टाका. निकालात 'झेब्रा' आला, तर ॲप अक्षर किती वेळा हवं ते मोजतच नाही. 'पझल', 'जॅझ', 'पिझ्झा' एवढेच आले तर ठीक.

क्यूनंतर यू नसलेले शब्द हा स्क्रॅबलवाल्यांचा जुना छंद. बहुतेक जण 'क्यू हवा, यू नको' अशी गाळणी लावतात आणि 'बुरखा' घालवून बसतात. त्याच्या बी-यू-आर-क्यू-ए या स्पेलिंगमध्ये यू आहे, फक्त क्यूच्या मागे नाही. रेग्युलर एक्स्प्रेशन (चिन्हांनी लिहिलेला शोधाचा नमुना) लिहिणारे 'क्यूनंतर यू सोडून कुठलंही एक अक्षर' असा पॅटर्न देतात. त्यात क्यूवर संपणारे शब्द सुटतात, उदाहरणार्थ टी-आर-ए-एन-क्यू, म्हणजे शामक औषधाचं बोलीतलं नाव. 'यू सोडून अक्षर किंवा शब्दाचा शेवट' असं दोन्ही लिहावं लागतं. हा सगळा परिसर अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांनी भरलेला असल्याने आपल्याला अर्थ फारसे पाहावे लागत नाहीत. फकीर तर इंग्रजीत चार स्पेलिंगांनी नांदतो.

आता यादी. स्क्रॅबलची कॉलिन्स यादी आणि उत्तर अमेरिकेतली यादी वेगळ्या आहेत. दोन अक्षरी शब्द २०१९च्या कॉलिन्समध्ये १२७, तर २०१८च्या अमेरिकी यादीत १०७. झेड-ओ हा याक आणि गाय यांच्या संकराचं नाव असलेला शब्द कॉलिन्समध्ये चालतो, तिकडे नाही. ॲपमध्ये यादी निवडायची सोय नसेल तर ते स्पर्धेच्या सरावाला निरुपयोगी आहे, कितीही तारे मिळालेले असोत. गुणांचा हिशेबही तपासून घ्या. संचात झेड एकच, त्यामुळे 'पिझ्झा'तला दुसरा झेड कोऱ्या (कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या) सोंगटीचा आणि त्याला शून्य गुण. खरे गुण १५ होतात. हे ॲप २५ दाखवतं. चार झेडांचा 'पिझॅझ' यादीत आहे, पण एक झेड आणि दोन कोऱ्या सोंगट्या मिळून तीनच होतात, म्हणजे तो पटावर मांडताच येत नाही. तरीही ॲप उत्साहाने सुचवतं.

वर्डलमध्ये हिरवं अक्षर म्हणजे योग्य जागी, पिवळं म्हणजे शब्दात आहे पण दुसऱ्या जागी, राखाडी म्हणजे सहसा नाहीच. पिवळं अक्षर साधनात दोन ठिकाणी भरायचं असतं : 'हवं' या खोक्यात आणि 'या जागी नको' या खोक्यात. खरा घोटाळा राखाडीत होतो. 'गीस' (जी-ई-ई-एस-ई) टाकला आणि उत्तर 'अबाइड' असेल, तर शेवटचा ई हिरवा होतो आणि मधले दोन राखाडी. राखाडी म्हणून ई 'वगळा'मध्ये टाकला की निकाल कोरा. तो ई फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेवर वगळायचा.

अर्थांचा भाग सगळ्यात कच्चा. अनेक फुकट साधनं प्रिन्स्टन विद्यापीठाच्या वर्डनेटवरून अर्थ घेतात. हा कोश उत्तम आहे, पण त्यात फक्त नाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण; सर्वनामं, शब्दयोगी आणि उभयान्वयी अव्ययं नाहीत. त्यामुळे 'ॲट'चा अर्थ लाओसचं नाणं, 'ही'चा अर्थ हेलियम आणि 'ऑर'चा ऑरेगन राज्य. नवख्याने हे पाठ केलं तर पंचाईतच. शिवाय तिथे मूळ रूपंच असतात, म्हणून ॲप शेवटचा एस किंवा ईडी कापून अर्थ शोधतं. 'ॲक्सेस' (ए-एक्स-ई-एस) कुऱ्हाडींचंही अनेकवचन आणि अक्षांचंही, पण ॲप कुऱ्हाडीवर समाधान मानतं. जुना, हक्कमुक्त झालेला १९१३चा वेबस्टर वापरणारी साधनंही आहेत. तिथे 'कॉम्प्युटर' म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. मराठी अर्थाचं बटण यंत्राने केलेल्या भाषांतराचं आहे : 'क्रेन'ला यारी मिळते, क्रौंच पक्षी उडून जातो.

वनलुक इथे बरंच पुढे आहे. प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर, तारा म्हणजे कितीही. कोलन देऊन अर्थही जोडता येतो : एस, पी, तारा, कोलन आणि 'बर्ड' टाकलं की 'स्पॅरो' येतो. अर्थासाठी अनेक शब्दकोशांचे दुवे समोर असतात. मात्र निकालात विशेषनामं, संक्षेप आणि वाक्प्रचारही मिसळतात. गाळणी लावल्याशिवाय खेळासाठी वापरू नये.

उतरवून घेतलेली यादी 'एनेबल' नावाची, हक्कमुक्त, सुमारे १ लाख ७२ हजार शब्दांची, दोन एमबीच्या आतली. लिनक्स आणि मॅकवर ग्रेप (फाइलमधून नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधणारी आज्ञा) आधीपासून असतो. एका ग्रेपचा निकाल दुसऱ्याला दिला की हव्या तेवढ्या अटी लावता येतात. यादी जुनी असल्याने क्यू-आय हा आता सर्रास चालणारा शब्द त्यात नाही, तो हाताने घालावा. अर्थ अर्थातच नाहीत. आणि एमटीवर संपणारे शब्द मागितल्यावर काहीच आलं नाही, तर पॅटर्नला दोष देऊ नका. फाइल विंडोज पद्धतीने सेव्ह झालेली असली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह राहतं आणि पॅटर्नमधला ओळीचा शेवट दाखवणारा $ तिथे अडतो. ते चिन्ह काढून टाकलं की 'ड्रेम्ट' लगेच सापडतो.