पाणी, उतार, सावली की चुंबक: तीन ते सहा वर्षांच्या मुलाला आधी काय द्यावं?

"मुलाला कोणता प्रयोग दाखवू?" असं पालक विचारतात, बालवाडीतल्या ताईही विचारतात. माझं म्हणणं असं की या वयात प्रयोग दाखवायचा नसतो, करू द्यायचा असतो. दाखवलेली गंमत मूल टाळ्या वाजवून विसरतं. स्वतःच्या हाताने घडवलेली गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा करून बघतं, आणि नजर तयार होते ती त्या 'पुन्हा' मध्ये.

निवडीसाठी एक चांगली गाळणी आहे. बालमानसशास्त्रज्ञ जाँ पिआजे यांच्या विचारांवर काम करणाऱ्या कॉन्स्टन्स कामी आणि रीटा डेव्रीस यांनी 1978 मध्ये लहान मुलांच्या भौतिक खेळांसाठी चार कसोट्या मांडल्या: घटना मुलाला स्वतः घडवता यावी, कृतीत बदल करता यावा, परिणाम दिसावा आणि तो लगेच दिसावा.

या चारही कसोट्यांवर सगळ्यात खणखणीत उतरतो तो उतार. एक लांब फळी, एका टोकाखाली पुस्तकांची चवड, आणि सोडायला चेंडू, रिकामं रीळ, ठोकळा, बाटलीचं झाकण. बस. गॅलिलिओनेही चारशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं. सरळ खाली पडणारी वस्तू इतक्या झपकन पडते की मोजताच येत नाही, म्हणून त्याने गोळे तिरक्या फळीवरून घरंगळवले. मुलालाही तोच फायदा मिळतो. चवड कमी केली की चेंडू सावकाश येतो आणि डोळ्याला त्याच्यामागे जायला वेळ मिळतो.

चार वर्षांच्या एका मुलीने या फळीवर कागदी पेला आडवा करून सोडला. तो सरळ न येता वळला आणि फळीच्या कडेवरून खाली पडला. तिने परत सोडला, परत तिकडेच. मग तिने पेला उलट्या तोंडाने ठेवला, तर तो दुसऱ्या कडेला गेला. पाच-सहा खेपांनंतर ती म्हणाली, "छोटं तोंड जिकडे, तिकडे पळतो." अगदी बरोबर होतं. पेल्याची रुंद कड एका फेरीत जास्त अंतर कापते, म्हणून तो अरुंद बाजूकडे वळतो. हे कारण मी तिला सांगितलं नाही. तिच्या वाक्यात जे होतं ते तिने स्वतः पाहिलेलं होतं, आणि त्या वयाला तेवढं पुरतं.

पाण्याची ताकद वेगळी आहे. तीन वर्षांचं मूलही पाण्यात सगळ्यात जास्त वेळ रमतं. अडचण करतो ती आपण मोठी माणसं: "तरंगेल की बुडेल?" विचारायचं, उत्तर आलं की पुढची वस्तू. मग खेळाची परीक्षा होते. मुलं सहसा "जड बुडतं, हलकं तरंगतं" असा नियम करतात. तो चुकीचा आहे म्हणून लगेच खोडू नका. मोठा लाकडी ठोकळा आणि छोटासा स्क्रू हातात द्या. नियमाला तडा आपोआप जाईल. त्याहून मोलाची असते ती एकाच वस्तूची दोन रूपं. धातूचं काठाचं झाकण अलगद आडवं ठेवलं तर तरंगतं, कडेवर उभं सोडलं तर तळाला जातं. खेळायच्या मातीचा गोळा बुडतो, त्याच मातीची वाटी तरंगते. घनतेचं पुढे शाळेत येईलच, आत्ता "वस्तू तीच, मग बदललं काय?" एवढा प्रश्न पडला तरी खूप झालं.

पाण्याची अट मात्र कडक आहे. लहान मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकतं. टबाजवळून क्षणभरही उठायचं नाही, खेळ संपला की पाणी ओतून द्यायचं.

सावली घ्यायची तर आधी टॉर्चची. हात प्रकाशाजवळ नेला की सावली मोठी, भिंतीजवळ नेला की लहान. लगेच दिसतं, लगेच बदलतं. उन्हातली सावली मंद आहे. सूर्य आकाशात तासाला साधारण 15 अंश सरकतो, आणि तासाभरापूर्वीचं आत्ताच्याशी जोडायला तीन वर्षांच्या मुलाला जड जातं. पाच-सहाव्या वर्षी खडूने सावलीची कड आखून ठेवली की ते जमतं. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे आधी सांगून ठेवा.

चुंबक सगळ्यात पटकन भुरळ घालतं, तरी मी ते शेवटी ठेवते. चिकटलं किंवा नाही चिकटलं, यापलीकडे लहान हातांना बदलण्यासारखं फारसं काही नसतं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम चिकटत नाही हा शोध छान आहे, पण तो थोड्या मोठ्या वयाचा. द्यायचं तर मोठं, तोंडात न मावणारं द्या. छोटी शक्तिशाली चुंबकं घरात नकोतच. दोन गिळली गेली तर ती आतड्याच्या पदरांतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकतं.

फेस काढणारे, रंग बदलणारे तयार संच या वयाला मी देणार नाही. ओततं मोठं माणूस, फेस क्षणात ओसरतो, आणि काय बदललं म्हणून काय झालं हे मुलाला दिसतच नाही.

तर मूल तीन वर्षांचं असेल आणि तुम्ही शेजारी बसू शकत असाल, तर पाणी. एकाच वेळी बरीच मुलं सांभाळायची असतील किंवा मूल चार वर्षांच्या पुढचं असेल, तर उतार. टॉर्चची सावली दोन्हींच्या जोडीला चालते. काहीही निवडलंत तरी "असं का झालं?" ऐवजी "आत्ता तू काय वेगळं केलंस?" असं विचारा. 'का'ला मूल काहीतरी ठोकून देतं, दुसऱ्या प्रश्नाला मात्र ते आधी वस्तूकडे बघतं.

आणि मांडणी रोज बदलू नका. फळी आठवडाभर तशीच राहू द्या. मग एक दिवस तिच्यावर टॉवेल अंथरा आणि काही न बोलता चेंडू मुलाच्या हातात द्या.