पहिल्या एल्कसाठी पहिले धनुष्य : बेअर क्रूझर जी-टू

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात धनुष्याने एल्कची, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाची, शिकार करण्याचा हंगाम 2 सप्टेंबरला सुरू होतो आणि 30 सप्टेंबरला संपतो. या हंगामाची पहिल्यांदा तयारी करणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी प्रश्न पडतो तो धनुष्याचा. बाजारात दीड-दोन हजार डॉलरची धनुष्ये आहेत आणि त्यांच्या जाहिराती वाचताना असे वाटू लागते की त्यापेक्षा कमी किमतीचे काही घेऊन जंगलात जाणे म्हणजे प्राण्यावर अन्याय करणे होय. मला हे मान्य नाही. बेअर आर्चरी कंपनीचे क्रूझर जी-टू हे त्यामानाने पुष्कळ स्वस्त कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाके असलेले धनुष्य, नवशिक्याच्या पहिल्या एल्कसाठी पुरेसे आहे, किंबहुना अनेकांसाठी महागड्या धनुष्यापेक्षा अधिक योग्य आहे. मात्र त्याच्या मर्यादा पाळण्याची तयारी हवी. हे परीक्षण त्या मर्यादांसह वाचावे.

भारतात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे सगळे नव्याने शिकावे लागते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय आपल्या घरांतून जवळजवळ नाहीसा झाला, त्यामुळे अमेरिकेतल्या मुलांना आजोबांकडून किंवा मामाकडून जे आपोआप मिळते ते आपल्याला अभ्यासक्रमातून आणि सरावातून मिळवावे लागते. कोलोरॅडोत 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा परवाना घेण्यापूर्वी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि तो केवळ उपचार म्हणून उरकू नये. एल्कचा पूर्ण वाढलेला नर सहज 300 किलोच्या पुढे जातो. एवढ्या प्राण्याला बाणाने मारायचे, तर तो लवकर आणि कमीत कमी वेदनेने मरेल याची जबाबदारी बाण सोडणाऱ्याचीच असते. धनुष्याची पारख मी याच कसोटीवर केली आहे.

क्रूझरचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते शिकणाऱ्याबरोबर वाढत जाते. त्याचे ओढवजन (प्रत्यंचा ओढायला लागणारा जोर) 5 ते 70 पौंडांपर्यंत आणि ओढलांबी (प्रत्यंचा जितकी मागे ओढायची ते अंतर) 12 ते 30 इंचांपर्यंत बदलता येते, आणि या दोन्हींसाठी धनुष्य दाबून धरणारे दुकानातले यंत्र लागत नाही, साधी ॲलन-की पुरते. ही सोय वरवर किरकोळ वाटते, पण नवशिक्याच्या दृष्टीने तिच्याइतके मोलाचे काही नाही. बहुतेक जण पहिल्याच दिवशी 60-65 पौंडांवर सुरुवात करतात, धनुष्य आकाशाकडे उचलून कसेबसे ओढतात, खांदा दुखवून घेतात आणि बाण सोडताना झटका देण्याची खोड लावून घेतात. ही खोड पुढे काही वर्षे सुटत नाही. त्याऐवजी मार्च-एप्रिलमध्ये 40 पौंडांवर सुरुवात करावी, बसून आणि गुडघ्यावर टेकूनही धनुष्य समोर सरळ धरून ओढता येऊ लागले की थोडे थोडे वाढवावे आणि ऑगस्टपर्यंत 55 ते 60 पौंडांवर यावे. कोलोरॅडोच्या नियमानुसार किमान ओढवजन 35 पौंड असले तरी चालते, पण एल्कसाठी मी स्वतः 50 च्या खाली जाण्याचा सल्ला कोणालाही देणार नाही.

कंपाउंड धनुष्य मराठी वाचकांना आता अगदी अनोळखी राहिलेले नाही. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने याच प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. परंतु ती धनुष्ये पाहून शिकारीचे धनुष्य निवडू नये. स्पर्धेचे धनुष्य लांब आणि जड असते, कारण सपाट मैदानावर 50 मीटरवरच्या लक्ष्यासाठी स्थिरता हवी असते. क्रूझरच्या दोन चाकांच्या आसांमधले अंतर केवळ 30 इंच आहे आणि सुट्या भागांशिवाय त्याचे वजन सुमारे 3 पौंड आहे. अस्पेन वृक्षांच्या दाट झाडीत गुडघ्यावर बसून, फांद्यांना न अडकवता ते ओढता येते, आणि पातळ हवेत दिवसभर चढउतार करताना त्याचा भार जाणवत नाही. याची दुसरी बाजूही आहे. आखूड आणि हलके धनुष्य हातातली छोटीशी थरथरही बाणापर्यंत पोचवते, आणि वाऱ्यात ते जड धनुष्याइतके शांत राहत नाही. तीस यार्डांवर हा फरक चालून जातो, पन्नासवर चालत नाही.

पूर्ण ओढल्यावर हातावर उरणारा भार हा दुसरा विचार करण्याजोगा मुद्दा आहे. क्रूझरमध्ये हा भार 70 टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे 60 पौंडांवर ठेवलेले धनुष्य धरून ठेवताना 18 पौंड पेलावे लागतात. महागड्या धनुष्यांत हीच घट 80 ते 85 टक्के असते. एल्क झाडामागे थांबून कानोसा घेत असतो, तुम्ही धनुष्य ओढून बसलेले असता आणि तो पाऊल पुढे टाकेपर्यंत हलायचे नसते; अशा वेळी हा फरक दंडात नेमका जाणवतो. म्हणून सरावात केवळ बाण मारत राहू नये, तर ओढून एक मिनिटभर धरावे आणि मगच सोडावे.

कंपनी या धनुष्याचा वेग सेकंदाला 315 फूट सांगते. हा आकडा खोटा नाही, पण तो 70 पौंड, 30 इंच ओढ आणि हलका बाण या परिस्थितीतला आहे. ज्याची ओढ 28 इंच आहे आणि जो 55 पौंडांवर 430 ग्रेन (सुमारे 28 ग्रॅम) वजनाचा बाण सोडतो, त्याने 235 फुटांच्या आसपासचा वेग गृहीत धरावा. त्यातून सुमारे 53 फूट-पौंड ऊर्जा मिळते आणि एल्कच्या फासळ्यांमधून फुप्फुसांपर्यंत जाण्यासाठी ती पुरते. खांद्याच्या जाड हाडातून जाण्यासाठी मात्र ती पुरेलच असे धरून चालू नये. वेगाच्या मोहाने बाण हलका करणे ही या ठिकाणी सर्वांत वाईट काटकसर ठरेल. जड बाण धनुष्याचा आवाज कमी करतो आणि आत अधिक खोल जातो.

शिकारीसाठी सज्ज म्हणून मिळणाऱ्या संचात व्हिस्कर बिस्किट नावाचा रेस्ट (बाण टेकवण्याचा आधार), वेगवेगळ्या अंतरांसाठी चार पिनांची साइट (नेम धरण्याचे साधन), पाच बाणांचा भाता, स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा), पट्टा आणि प्रत्यंचेवरचे पीप (ज्यातून पाहून नेम धरायचा ते छिद्र) हे सगळे बसवलेलेच येते. यांतला रेस्ट मला विशेष आवडला. तो बाणाला सर्व बाजूंनी केसांच्या ब्रशसारखा धरून ठेवतो, त्यामुळे तीव्र उतारावर रांगताना किंवा थंडीने बोटे थरथरत असताना बाण खाली पडून खडखडाट होत नाही. बाण सुटताच खाली पडणारे रेस्ट अधिक अचूक मानले जातात, कारण त्यांत पिसांना घर्षण होत नाही. पण त्यांत हलणारे भाग असतात आणि पहिल्या वर्षी बिघडू शकेल असे काही कमी असलेलेच बरे. चार पिनांपैकी मी 20, 30 आणि 40 यार्डांच्या तीनच लावाव्यात, त्यांतली 40 ची केवळ सरावासाठी, असे सुचवीन. चौथी पिन लावली की ती वापरण्याचा मोह होतो.

संच जिथे संपतो तिथे खरा खर्च सुरू होतो, आणि धनुष्यावर वाचलेले पैसे इथेच घालावेत. तुमच्या ओढवजनाला आणि ओढलांबीला साजेल इतक्या ताठपणाचे कार्बनचे बाण जाणकार माणसाकडून कापून घ्यावेत. ब्रॉडहेडसाठी, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या धारदार पात्यांच्या टोकासाठी, कोलोरॅडोचा नियम किमान सात अष्टमांश इंच रुंदी आणि किमान दोन पोलादी धारा असा आहे. या ऊर्जेच्या धनुष्याबरोबर स्थिर पात्यांचीच ब्रॉडहेड वापरावीत. आत गेल्यावर उघडणारी पाती उघडण्यासाठीच काही ऊर्जा खातात. सरावाच्या साध्या टोकाचा बाण जिथे लागतो तिथेच ब्रॉडहेडचा लागेल असे मानू नये. हंगामाच्या किमान महिनाभर आधी ब्रॉडहेडनेच सराव करावा, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी लागत असतील तर धनुष्य जुळवून घ्यावे, साइट सरकवून वेळ मारून नेऊ नये.

या धनुष्याने नवशिक्याने 30 यार्डांपलीकडे एल्कवर बाण सोडू नये, हे माझे ठाम मत आहे. 40 यार्डांवर बाणाला पोचायला सुमारे अर्धा सेकंद लागतो, आणि प्रत्यंचेचा आवाज त्याच्या खूप आधी प्राण्याच्या कानी पडलेला असतो. प्राणी पूर्ण आडवा उभा असावा किंवा किंचित पाठमोरा; समोरून छातीवर नेम धरण्याचा विचारही पहिल्या काही वर्षांत करू नये. उतारावरून खाली नेम धरताना तिरके अंतर नव्हे, तर आडवे अंतर मोजावे, म्हणून कोनाचा हिशोब करणारा रेंजफाइंडर घ्यावा. बाण फुप्फुसात लागला असे वाटले तरी निदान अर्धा तास जागेवरून हलू नये, आणि पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास थांबावे. घाईने पाठलाग केल्यास जखमी एल्क दूर जातो आणि बहुधा सापडत नाही.

खरेदी मात्र ऑनलाइन न करता दुकानात करावी. तुमचा प्रबळ डोळा कोणता, खरी ओढलांबी किती, पीप कुठे बसवायचे, हे समोर उभे राहिल्याशिवाय ठरत नाही, आणि चुकीच्या ओढलांबीवर केलेला सराव वाया जातो. ज्यांची ओढ 29 इंचांच्या पुढे आहे त्यांनी हे धनुष्य हातात घेऊन पाहावे आणि मगच ठरवावे, कारण इतक्या आखूड धनुष्यात प्रत्यंचेचा कोन नाकाशी फार तीव्र होतो. त्यांना 33-34 इंचांचे धनुष्य अधिक सुखाचे वाटेल. बाण न लावता प्रत्यंचा कधीही सोडू नये, तिला नियमित मेण लावावे आणि तंतू सुटू लागलेले दिसताच ती हंगामाच्या ऐन तोंडावर नव्हे, तर जूनमध्येच बदलून घ्यावी, कारण नवी प्रत्यंचा काही आठवडे ताणत राहते आणि तोवर साइटवर भरवसा ठेवता येत नाही.