रोझा वन फॉन्ट: एक आख्खा आंबा सीझन वापरल्यावर

देवगडात आमचं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. सीझन लागला की प्रत्येक बागायतदाराला पेटीवरचा 'हापूस' रस्त्याच्या पलीकडनं दिसायला हवा असतो, वर परत "जरा जुन्या टाइपचं करा हो, आजोबांच्या वेळचं वाटलं पाहिजे". त्यासाठी इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन घेतला आणि तेव्हापासून चालूच आहे.

फॉन्ट दिसायला एकदम भारदस्त. उभ्या रेघा जाडजूड आणि मधेच केसासारखी बारीक रेघ, इंग्रजीत १९व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या लॉटरीच्या जाहिरातींत असली जाड अक्षरं असायची त्याच घराण्यातला, फक्त इथे देवनागरी पण त्याच तब्येतीची आहे, म्हणून 'हापूस' आणि खाली 'अल्फोन्सो' रोमनमधे टाकलं तरी दोन्ही एकाच घरचे वाटतात. हे फार कमी फॉन्टना जमतं. ओपन फॉन्ट लायसन्स आहे, म्हणजे गिऱ्हाईकाच्या लेबलावर, बोर्डावर बिनधास्त वापरा, नुसता फॉन्ट एकटा विकायचा नाही एवढंच.

आता खरी गंमत त्या बारीक रेघांची. फ्लेक्सवर मोठा टाकला तर प्रश्नच नाही, दशावताराचा बॅनर केलेला, नाटकाचं नाव रोझात आणि बाकी मजकूर साधा, लांबनं काय उठून दिसत होता! पण पुठ्ठ्याच्या खोक्यावर पुठ्ठा शाई पितो, लहान साइजला बारीक रेघ एकतर भरून जाते नाहीतर गायबच होते. रेडियम कटिंगला (म्हणजे चिकट स्टिकर कापून अक्षरं करतात त्याला) तर अजून ताप, नको असलेला भाग सोलताना पातळ रेघ सोबत उचलून येते. होडीवरच्या नावाला म्हणूनच मी हा देत नाही, तिथे खारं पाणी आणि ऊन असतं, बारीक पट्टीच आधी सुटणार. तिथे यात्रा वन हा फॉन्ट बरा, मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरनं केलेला आहे, रेघेत एवढी चढउतार नाही. मोदक नावाचा फॉन्ट पण बघितला, पण तो इतका गुबगुबीत की अक्षराच्या पोटात जागाच नाही, कोकम सरबताच्या बाटलीला चालेल, बोर्डाला नको.

वजन एकच, बोल्ड-लाइट काही नाही. त्यामुळे पत्ता, फोन, जीआय टॅगची म्हणजे भौगोलिक मानांकनाची ओळ (हापूसला २०१८ साली मिळालाय ना, आता सगळ्यांना ती पेटीवर हवीच असते) हे सगळं मी मुक्ता फॉन्टमधे टाकतो, त्यात सात वजनं मिळतात.

आणि प्लीज, लग्नपत्रिकेचा आख्खा मजकूर ह्यात मागू नका. वधूवरांची नावं रोझात करून देतो, मामांची यादी नाही.