चपलेसाठी सांगलीत एक रात्र

चपला घ्यायला सांगलीला जातोय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, मग कोल्हापूरला का नाही? अंतर तर पन्नास किलोमीटरच्या आतलं. उत्तर साधं आहे. शनिवार-रविवारी कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी तशीच चपलांच्या दुकानात शिरते. मागे चार जण उभे असताना दोन पावलं नीट चालूनही बघता येत नाहीत. सांगलीत दुकानदार स्टूल पुढे सरकवतो, चार जोड काढतो आणि पाचवा मागितला तरी कपाळाला आठ्या घालत नाही. आणि ‘कोल्हापुरी’ हे नाव काही एका गावाचं नाही. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. ज्या कुरुंदवाडच्या नावाने ‘कुरुंदवाडी’ चप्पल ओळखली जाते ते गाव सांगलीहून नरसोबाच्या वाडीला गेलं की शेजारीच आहे.

मात्र एका दिवसात उरकायला जाऊ नका. दीड दिवस हवा, मधे एक रात्र हवी. हातशिलाईची चप्पल दुकानात दहा मिनिटं घालून तिचा स्वभाव कळत नाही. संध्याकाळी घ्यायची, रात्री खोलीत घालून फिरायचं, आणि सकाळी त्याच दुकानात जाऊन कान (पट्टा तळाला जोडणाऱ्या बाजूच्या पाकळ्या) आवळून किंवा अंगठा (अंगठा अडकवायची वादी) सैल करून घ्यायचा. घरी गेल्यावर चप्पल चावली तर तीच दुरुस्ती शंभर-दोनशे किलोमीटर लांब राहते, आणि जोड कपाटात पडतो. मग लोक म्हणतात, कोल्हापुरी लागते. लागत नाही, ती बसवून घ्यायची राहिलेली असते.

शनिवारी दुपारपर्यंत पोहोचावं. रेल्वेने येणाऱ्यांना मिरज जंक्शन जास्त सोयीचं, गाड्या तिथे जास्त थांबतात. मिरज ते सांगली दहा किलोमीटरच्या आसपास. मुक्काम विश्रामबागेत केला तर गाडी लावायला जागा मिळते, स्टँडजवळ केला तर बाजार पायी. चपलेच्या कामाला दुसरं बरं. मारुती रोड, हरभट रोड, कापड पेठ या भागात चारचाकी घेऊन शिरणं म्हणजे संध्याकाळ वाया घालवणं.

दुपारच्या जेवणाला अख्खा मसूर. कऱ्हाड, इस्लामपूर (आता ईश्वरपूर), सांगली या पट्ट्यात हॉटेलच्या पाटीवर हे दोन शब्द हॉटेलच्या नावापेक्षा मोठे लिहिलेले असतात. चांगला कसा ओळखायचा? दाणा अख्खा दिसला पाहिजे आणि बोटाने दाबला की लोण्यासारखा फुटला पाहिजे. रस दाण्याला धरून हवा. ताटात पाणी वेगळं आणि मसूर वेगळा पसरला तर तो सकाळी शिजवून ठेवलेला आणि ऐनवेळी गरम पाण्यात सोडलेला. उलट सगळा लगदा झाला असेल तर कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त झाल्या. कांदा-लसूण मसाला कच्चा राहिला की पहिल्या घासाला घशात ठसका लागतो, नीट परतलेला असेल तर तिखट हळूहळू चढतं. रोटी दोनच मागवा आणि ती संपल्यावर पुढची. तंदूरची रोटी पाच मिनिटांत वातड होते.

मटण खायचं असेल तर तांबडा-पांढऱ्याचं ताट सगळीकडे मिळतं, पण ते रात्रीसाठी ठेवा. दुपारी ते चापलं की संध्याकाळी बाजारात पाय उचलत नाहीत. थंडीत गेलात तर ताटात वांगं आहे का, हे आवर्जून विचारा. कृष्णाकाठच्या वांग्याची ख्याती उगाच नाही. भरलेलं मिळालं तर मसूर बाजूला ठेवावा.

चपलेला संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर निघायचं. दिवसभरात पाय थोडा सुजतो, सकाळी बरोब्बर बसलेली चप्पल संध्याकाळी अंगठ्यात रुतते. मोजे काढूनच घालून बघा.

आता दुकानात. जोड हातात घेतला की आधी कडा बघायची, वरची वेणी नंतर. वेणी सगळ्यांचीच सुरेख असते. कडेला कातड्याचे थर स्पष्ट दिसले पाहिजेत. कडा जाड काळ्या-तपकिरी रंगाने रंगवून थर झाकले असतील तर आत पुठ्ठा किंवा बोर्ड असण्याची शक्यता धरून चाला. पहिल्या पावसात तो फुगतो आणि तळ पावासारखा उकलतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं आतपर्यंत एकाच बदामी रंगाचं असतं. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्याचा काप मधे निळसर-राखाडी दिसतो. ते वाईट असतं असं नाही, पण त्याचे पैसे हातकामाच्या भावाने देऊ नयेत. दुकानदाराची हरकत नसेल तर तळाच्या आतल्या बाजूला ओल्या बोटाचा ठिपका द्या. कातडं पाणी पितं आणि तिथे डाग काळवंडतो, तो वाळला की जातो. रेक्झीनवर थेंब तसाच बसून राहतो.

मग शिलाई. जुन्या पद्धतीच्या जोडात खिळा नसतो, थर कातड्याच्या वादीने शिवलेले असतात. तळ उलटा करून टाके बघा: अंतर सारखं, वादी सपाट बसलेली. टाचेत खिळे दिसले तर नको म्हणा. लोखंड आणि साल-हिरड्यातला तुरटपणा ओलाव्यात एकत्र आला की काळा डाग पडतो, खिळ्याभोवतीचं कातडं कुजतं आणि एक दिवस टाच सुटते. ‘खिळा मजबुतीला असतो’ हे दुकानातलं नेहमीचं वाक्य आहे, ते ऐकून घ्यावं आणि पुढचा जोड मागावा.

मापाचं सगळ्यात जास्त चुकतं. कातडं रुंदीला सैल होतं, लांबीला वाढत नाही. म्हणून लांबी पहिल्याच दिवशी बरोबर हवी: टाच तळाच्या कडेपाशी यावी, कडेबाहेर जाऊ नये आणि मागे बोटभर जागाही उरू नये. रुंदीला मात्र पट्टा आणि कान घट्टच हवेत, पाय थोडा ढकलून घालावा लागेल इतके. दुकानात आरामात सरकणारी चप्पल महिनाभरात फटक-फटक वाजायला लागते. एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, त्यामुळे ‘आठ नाही, नऊ घ्या, फरक पडत नाही’ यावर विश्वास ठेवू नका. काही ठिकाणी माप इंचात सांगतात; अशा वेळी घरून कागदावर दोन्ही पावलं आखून नेलेली बरी. दोन पावलं सारखी नसतात, माप मोठ्या पावलाचं धरायचं.

‘घालून बघा की, चार दिवसांत सैल होतीय,’ असं दुकानदार म्हणणारच. खरंच होते. प्रश्न कुठे सैल होते हा आहे. पट्टा सैल होतो, अंगठा फारसा होत नाही. अंगठ्याची वादी बोटाच्या बेचक्यात आत्ताच टोचत असेल तर ती चार दिवसांत टोचायची थांबत नाही, तिथे फोड येतो. अंगठा तिथल्या तिथे सैल करून मागा. बसलेला कारागीर आरीने टाका उकलून पाच-दहा मिनिटांत करून देतो.

दोन्ही चपला घालून दुकानाबाहेर, फरशीवर नव्हे तर रस्त्यावर, वीस पावलं चाला. टाच आत-बाहेर कलते का बघा. जोड जमिनीवर शेजारी ठेवून दोन्ही कान एकाच उंचीवर आहेत का, हेही बघा. हातकामात फरक राहतो, तो दोन-तीन मिलिमीटरपर्यंत चालवून घ्यावा. करकर वाजणारी ‘कापशी’ जातीची कोल्हापुरी हवी असेल तर आवाज दोन्ही पायांतून येतो का ऐका. एकाच पायातून वाजणारी कापशी म्हणजे लग्नात हसू.

भावाचं म्हणाल तर हाताने शिवलेल्या, खऱ्या कातड्याच्या जोडाला हजार-दीड हजारापासून पुढे मोजायची तयारी ठेवा. तीनशे-चारशेत मिळते ती पायात घालायची वस्तू आहे, पण तिची तुलना याच्याशी करू नये. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि केवढा गदारोळ झाला. ती गोष्ट कुणी काउंटरवर सांगायला लागलं तर ऐका, पण तिचे वेगळे पैसे देऊ नका. बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८. म्हणून २,६०० रुपये सांगितलेला जोड अडीच हजारांच्या आत बसतो का, हे विचारण्यात लाज नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सगळीकडे असते. परत देऊच नका, दुरुस्ती करून द्याल ना एवढं विचारा, आणि रविवारी सकाळी दुकान किती वाजता उघडतं, उघडतं की नाही, हे बिल करतानाच पक्कं करा. या एका प्रश्नावर अख्खा बेत उभा आहे.

रबराचा तळ लावायचा असेल तर तोही त्याच संध्याकाळी. नुसता कातडी तळ टाइल्सवर घसरतो. तीन-चार मिलिमीटरची रबरशीट सोल्यूशनने चिकटवून कडेने शिवून घ्यायची. नुसती चिकटवलेली उन्हाळ्यात सुटते. क्रम महत्त्वाचा: आधी रबर, मग तेल. तेल प्यायलेल्या कातड्यावर सोल्यूशन धरत नाही. बरेच जण उत्साहाने आधी एरंडेल चोपडतात आणि मग दुरुस्तीवाल्याला नावं ठेवतात.

स्पोर्ट्‌स शूजसाठी सांगलीला यायचं कारण नाही. जे पुण्यात तेच इथे, नंबर मात्र कमी. सवलतीच्या ढिगातून घ्यायचाच झाला तर खोक्यावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळ न वापरताही दमट हवेने आतून सडतो. चार-पाच वर्षं पडून असलेला जोड नवाकोरा दिसतो आणि पंधरा दिवसांत तळाचा भुगा होतो. बायकांच्या फॅन्सी सँडल्सना कापड पेठेच्या बाजूला भरपूर दुकानं, निवड चांगली, बसायला जागा नाही.

खरेदी झाली की भेळ आणि भडंग. भेळ उभ्याने खावी, त्यात परीक्षण करण्यासारखं फार नाही. कांदा ऐनवेळी चिरलेला असला म्हणजे झालं. भडंगाकडे मात्र लक्ष द्या. त्याचे चुरमुरे वेगळे, जाड आणि टपोरे. तेलात लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता, हळद, तिखट. हळद इथली हवीच, सांगलीच्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळालंय. सगळी गंमत लसणाची: पाकळी सालासकट ठेचून मंद आचेवर पूर्ण कुरकुरीत झाली नाही तर तिच्यातलं पाणी दुसऱ्या दिवशी चुरमुऱ्यात उतरतं आणि भडंग सादळतं. खरेदी करताना एक लसणाची पाकळी मागून दाताखाली धरा. मोडली तर किलोभर घ्या, वाकली तर पावशेर खाऊन पुढे जा. पिशवीला आतून वाफ धरलेली दिसली तर ती गरम असतानाच बांधलेली आहे. घेऊ नका. पाकिटावर तारीख असेल तर चार दिवसांच्या आतली.

रात्री मटणाचं ताट झाल्यावर नवी चप्पल पिशवीतून बाहेर काढा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, अंगठ्याला आणि कानाच्या घडीला बोटाने एरंडेल किंवा खोबरेल लावा. चमचाभर दोन्ही पायांना पुरतं. तळाला नको, तो मऊ पडून पसरतो. अर्धा तास थांबून पुसा आणि खोलीत वीस मिनिटं चाला. मग पायावर लाल झालेल्या जागा बघा आणि त्याच जागी चपलेवर पेनाने बारीक खूण करा. सकाळी कारागिराला ‘इथं कुठंतरी लागतंय’ म्हणण्यापेक्षा ती खूण दाखवली की काम निम्मं होतं.

सकाळी मिसळ. कट वेगळा मागा, आणि तो तिखट आहे की नुसता लाल, हे वासावरून कळतं: भाजलेल्या खोबऱ्याचा वास यायला हवा. नंतर गणपती मंदिर. तिथे नवी चप्पल घालून जाऊ नका, कारण उघड आहे. मग दुकान. दुरुस्ती झाल्यावर परत वीस पावलं. वेळ उरला तर वीसेक किलोमीटरवर नरसोबाची वाडी: बासुंदी आणि कवठाची बर्फी. बासुंदी तिथेच प्यावी, उन्हाच्या प्रवासात ती टिकत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हा बेत नको. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि बाजारपेठेत शिरलं होतं. पाणी नाही चढलं तरी त्या दमट हवेत कातड्याला बुरशी धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. वांगी, आणि शेवटी शेवटी द्राक्षंही.

परतताना जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, वर्तमानपत्रात गुंडाळा. आणि भडंगाच्या पिशवीपासून लांब ठेवा. नव्या कातड्याचा वास चुरमुरे तासाभरात ओढून घेतात.